व्याज उतरले, तरी गावातली घरे लिंटेलवरच का थांबली?

गावात शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे एकदा नीट पाहा. जोत्यावर थांबलेली किती, लिंटेलपर्यंत चढून थांबलेली किती आणि स्लॅब पडला पण गिलावा नाही अशी किती, हे मोजा. कोणत्याही गावात अशी काही घरे निघतीलच. उघड्या सळया गंजत असतात, आत कडबा भरलेला असतो. मालकाला विचारले तर तो म्हणतो, "सोयाबीन निघालं की पुढचं काम." सोयाबीन निघते, विकले जाते आणि घर तिथेच राहते.

दुसरीकडे घरकर्ज स्वस्त झाल्याची बातमी आपण वाचतो. बातमी खोटी नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर चार वेळा कमी केला. फेब्रुवारीच्या आधी तो ६.५० टक्के होता, डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे सव्वा टक्क्याची उतरण झाली. पैसा स्वस्त झाला की घराची मागणी वाढते, असे जाणकार सांगतात. मग आपल्या गावातली घरे पुढे का सरकत नाहीत?

मी शेती खात्याचा माणूस, बँकेचा नव्हे. पण घरकर्जासाठी उतारे गोळा करत फिरणारे शेतकरी मला नेहमी भेटतात. आणि घराचा पैसा अडला की त्याचा पहिला फटका पिकाला बसतो, हे मी शेतात उभा राहून पाहिले आहे. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला आहे.

शहरात व्याजाचा काटा कसा फिरतो

रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीसाठी पैसा देते, तो रेपो दर. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी द्यायची बदलत्या व्याजाची नवी घरकर्जे अशा बाहेरच्या दराशी जोडणे बंधनकारक झाले. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला. दर तीन महिन्यांतून निदान एकदा व्याजाचा फेरआढावा घ्यावा लागतो. त्यामुळे रेपो उतरला की नोकरदाराचा हप्ता लवकरच उतरतो.

आता हिशेब बघा. १० लाख रुपये २० वर्षांसाठी घेतले, तर ९ टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता ८,९९७ रुपये बसतो. ८ टक्क्यांनी तोच हप्ता ८,३६४ रुपये होतो. फरक ६३३ रुपयांचा. उलट बाजूने पाहिले तर ज्याला महिना ८,००० रुपयेच भरता येतात, त्याला ९ टक्क्यांनी सुमारे ८ लाख ८९ हजार कर्ज झेपते, ८ टक्क्यांनी सुमारे ९ लाख ५६ हजार झेपते. पगार तोच, पण घर घेण्याची ताकद ६७ हजारांनी वाढली. शहरात मागणी वाढते ती अशी.

२०२० मध्ये हे उघड दिसले. करोनाच्या काळात रेपो ४ टक्क्यांवर आला. त्यातच राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के सूट दिली. मुंबई-पुण्यात दस्त नोंदणीला रांगा लागल्या. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सवलतीची मुदत संपत आली तेव्हा गर्दी सर्वांत जास्त झाली आणि मुदत संपल्यावर ती ओसरली. म्हणजे काही मागणी नवी होती, पण पुष्कळशी पुढच्या वर्षाची मागणीच अलीकडे ओढली गेली होती.

मग उलट फेरा आला. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत, दहा महिन्यांच्या आत, रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. तरी मोठ्या शहरांत महाग घरांची विक्री वाढतच राहिली. घटत गेला तो स्वस्त घरांचा वाटा. कारण सरळ आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला अडीच टक्के जड जात नाहीत. ज्याचा हिशेब आधीच काठावर आहे, तोच खाली पडतो.

आपला हप्ता क्विंटलमध्ये मोजा

आता हाच हिशेब आपल्या लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला लावू. आपल्याला पगार नाही, म्हणून हप्ता रुपयांत न मोजता सोयाबीनच्या क्विंटलमध्ये मोजू.

१० लाखांचे कर्ज, ८ टक्के व्याज, २० वर्षे. वर्षाचे बारा हप्ते मिळून १ लाख ३६८ रुपये होतात. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने वर्षाचे हप्ते फेडायला जवळजवळ १९ क्विंटल सोयाबीन लागते. चांगल्या वर्षी एकरी आठ-नऊ क्विंटल धरले तर दोन एकरांपेक्षा जास्त रानाचा सगळा माल, खर्च न वजा करता, बँकेत गेला.

आता व्याज एक टक्क्याने उतरले तर किती वाचते? वर्षाला ७,५९६ रुपये, म्हणजे दीड क्विंटलही नाही. आणि भाव हमीभावापेक्षा हजार रुपयांनी पडला तर? त्याच हप्त्यांसाठी १९ ऐवजी २३ क्विंटलांहून अधिक माल घालावा लागतो. आडतीवर हमीभावाच्या खाली सोयाबीन घालावे लागणे आपल्याला नवीन नाही. म्हणजे रेपोची चार वेळची उतरण जेवढे देते, त्याच्या दुपटीहून अधिक बाजाराची एक मंदी काढून घेते.

सांगायचा मुद्दा असा की, शहरातले घर व्याजाच्या दराने हलते आणि गावातले घर पिकाच्या भावाने हलते. पण एवढ्यावरच हे संपत नाही. भाव चांगला असला तरी बँकेच्या दारात आपल्याला आणखी तीन अटी आडव्या येतात. कागद, उत्पन्नाचा पुरावा आणि हप्त्याची वेळ. दराची बातमी सगळे वाचतात, या तीन अटींची बातमी होत नाही.

पहिली अट : कागद

आपण म्हणतो, "घर माझं आहे, ग्रामपंचायतीत माझ्या नावावर आहे." ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. पट्टी कुणाकडून वसूल करायची, एवढेच तो सांगतो. मालकी तो सिद्ध करत नाही. बँकेला तारण हवे असते आणि तारणासाठी मालकी हवी असते.

बरे, शेतात घर बांधले तर? बँकांना थकीत कर्जाचे तारण कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा अधिकार २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ३१ ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. जमीन जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की, निव्वळ सातबाऱ्यावर, शेतीच्याच जमिनीत बांधायच्या घराला कर्ज देताना बँक हात आखडता घेते.

तिसरी अडचण कायद्यात लिहिलेली नाही, पण अधिकारी ती मनात धरून असतो. उद्या कर्ज थकले तर गावठाणातले हे घर घेणार कोण? भावकीच्या वाड्याला लागून असलेले, जप्त झालेले घर गावातला माणूस घेत नाही आणि बाहेरचा तिथे राहायला येत नाही. त्यामुळे मूल्यांकन करणारा इंजिनियर किंमत कमी धरतो. तुमचा खर्च १२ लाखांचा असेल, तो ८ लाख लिहितो. नियमाने ३० लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. पण ९० टक्के कशाचे? बँकेने धरलेल्या किमतीचे.

या बाबतीत एक दार मात्र उघडले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत होता. ड्रोनने गावठाणाची मोजणी करून घराच्या जागेची सनद व मिळकत पत्रिका द्यायची, असे हे काम आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून अधिक पत्रिकांचे वाटप झाले. मिळकत पत्रिका ही गावठाणातल्या घराला सातबाऱ्यासारखी आहे. ती हातात असली की बँकेशी बोलणे तरी सुरू होते.

पण पत्रिकेवर नाव कुणाचे आहे ते पाहा. आजोबांचे असेल तर वारस नोंद करावी लागेल. चार भावांचे सामाईक असेल तर चौघांच्या सह्या लागतील. आणि बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे. तिला सोडायचा असेल तर ती राजीखुशीने हक्कसोडपत्र नोंदवून देईल. भाऊबीजेच्या दिवशी कोऱ्या कागदावर घेतलेली सही बँकही मानत नाही आणि ते शोभतही नाही.

दुसरी अट : उत्पन्नाचा पुरावा

शिपायाची नोकरी करणाऱ्याला पगाराच्या चिठ्ठीवर कर्ज मिळते आणि दहा एकरांच्या बागायतदाराला मिळत नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकतो. तक्रारीत तथ्य आहे. पण आपण काय करतो तेही पाहू. सोयाबीन आडतीवर घालतो, पैसे रोखीत घेतो आणि पट्टी खिशात चुरगळून टाकतो. दुधाचे बिल उचल वजा करून हातात घेतो. मग खाते कोरेच दिसते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून विवरणपत्रही कुणी भरलेले नसते. अधिकारी म्हणतो, "तुमचं उत्पन्न मला दिसू द्या." ते आपल्यापाशी असते, पण कागदावर नसते.

त्यात थकबाकीचा डाग. "भरू नका, माफी येणार आहे," असे पारावर कुणीतरी सांगतो आणि आपण पीककर्ज थकवतो. माफी आली तर ठीक, पण मधल्या काळात सिबिलच्या नोंदीत आपण थकबाकीदार म्हणून चढलेलो असतो. घरकर्जाच्या वेळी ही नोंद आडवी येते. पीककर्जाचे चार-सहा हजारांचे व्याज वाचवायला जावे आणि पाच-सात लाखांच्या घरकर्जाला मुकावे, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

तिसरी अट : हप्त्याची वेळ

घरकर्जाचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला असतो. सोयाबीन वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. ऊस कारखान्याला गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. पण तोड कधी मिळेल हे कुणाच्या हातात नसते. दुधाचा पैसा मात्र दहा-पंधरा दिवसांनी येतो. म्हणून दावणीला दोन दुभती जनावरे असलेल्याला मासिक हप्ता झेपतो आणि त्याच्यापेक्षा जास्त जमीन असलेला नुसत्या सोयाबीनवाला अडचणीत येतो.

इथे एक नियम सर्वांनी पाठ करावा. पीककर्ज थकले तर ते लगेच बुडीत वर्गात जात नाही. अल्प मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम वाट पाहिली जाते. घरकर्जाला ही सवड नाही. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसीची ६० दिवसांची नोटीस येऊ शकते. पावसाने दगा दिला, हे कारण तिथे चालत नाही. राज्यातल्या २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफी योजना शेतीच्या कर्जासाठी होत्या, घरकर्जाला त्या लागू नव्हत्या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पिके वाहून गेली, घरेही पडली. पीक गेले म्हणून घराचा हप्ता थांबत नाही, हे ज्यांनी कर्ज घेतले होते त्यांना चांगलेच कळले असेल.

मधला शेतकरी कुठे जाणार?

गरिबाला घरकुल आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये अनुदान मिळते. २०२५ मध्ये राज्याने त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात एकाच कार्यक्रमात राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्यात आली. काम चांगले आहे. पण एकदम इतकी घरे निघाली की गवंडी, विटा, वाळू यांची ओढाताण होणारच. घरकुलाला ५ ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरण त्याच वर्षी आले, ते याच कारणाने. गवंड्याची मजुरी मात्र कुणी मोफत देत नाही. पैसा सोपा झाला आणि माल तेवढाच राहिला, तर भाव चढतो. शहरात व्याज उतरल्यावर फ्लॅटचे भाव चढतात, तसेच हे.

श्रीमंताला बँक आहे. शहरातल्या नोकरदाराला पगाराची चिठ्ठी आहे. मध्ये अडकतो तो पाच-सहा एकरांचा शेतकरी. ज्याच्याकडे अडीच एकर किंवा त्याहून अधिक ओलिताची जमीन आहे, किंवा ज्याच्या किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजार रुपये वा अधिक आहे, तो घरकुलाच्या यादीतून वगळला जातो. म्हणजे पीककर्ज घेण्याइतका तो मोठा, म्हणून घरकुल नाही. आणि घरकर्ज मिळण्याइतका तो मोठा नाही.

घराची गरज मात्र त्यालाही तेवढीच आहे. आपल्या भागात तर विशेष. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या भिंतींच्या माळवदाखाली झोपायला माणसे धजावेनात. स्लॅबचे घर ही इथे हौस राहिली नाही. शिवाय पोराचे लग्न जमवताना पाहुणे शेताआधी घर बघतात. तेव्हा बँकेने नाही म्हटले म्हणून मागणी मरत नाही. ती दुसरे दार शोधते.

पीककर्जाचा स्लॅब

हे दुसरे दार कोणते? सोने तारण, पतसंस्था, बचत गटाच्या नावाखाली आठवड्याला हप्ता वसूल करणाऱ्या खाजगी कंपन्या, सावकार आणि सर्वांत जवळचे म्हणजे पीककर्ज.

२०२४ च्या खरिपातली गोष्ट. एका गावी सोयाबीन पाहायला गेलो होतो. चार एकरांचे रान, पण पीक पिवळट आणि तण गुडघाभर. मी विचारले, "तात्या, या वर्षी खत घातलं नाही का?" ते काही बोलले नाहीत. घराकडे चला म्हणाले. घरापाशी आल्यावर स्लॅबकडे बोट करून म्हणाले, "साहेब, खताचं पैसं वर हायेत."

पीककर्जाचे १ लाख ४० हजार रुपये उचलले होते, ते सळई-सिमेंटात गेले. बियाणे घरचेच, उगवण न तपासता पेरलेले. खत अर्धे. फवारणी एकच. एकरी आठ क्विंटलच्या जागी चार पदरात पडले. चार एकरांत १६ क्विंटल गेले. ४,३०० रुपये भाव धरला तरी जवळपास ६९ हजारांचे नुकसान. पुढे मुदतीत पीककर्ज भरता आले नाही, त्यामुळे नियमित परतफेड करणाऱ्याला ३ लाखांपर्यंत मिळणारी डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलतही गेली. थकबाकीची नोंद लागली. आणि गिलाव्यासाठी बँकेत गेले तेव्हा त्याच नोंदीवर बोट ठेवून अर्ज परत आला. घर आजही तसेच आहे.

तात्या उधळे नाहीत, व्यसनी नाहीत. त्यांना घरासाठी वेळेवर आणि घराच्याच मुदतीचा पैसा मिळाला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पीककर्ज बारा महिन्यांत फेडायचे असते, घर वीस वर्षांत फिटते. बारा महिन्यांचा पैसा वीस वर्षांच्या कामात घातला की दोन्ही बुडतात. पहिले बुडते ते पीक.

दर विचारताना काय विचारायचे

कर्ज घ्यायचेच असेल तर "टक्का किती?" एवढ्यावर थांबू नका. तीन गोष्टी विचारा.

एक, व्याज घटत्या शिलकेवर आहे की पूर्ण रकमेवर सरसकट, ज्याला फ्लॅट म्हणतात? ५ लाख रुपये पाच वर्षांसाठी "फक्त १० टक्के फ्लॅट" घेतले तर व्याज अडीच लाख आणि हप्ता १२,५०० रुपये. ऐकायला १० टक्के, पण घटत्या शिलकेच्या हिशेबाने तो दर १७ टक्क्यांच्या वर जातो.

दोन, दर कशाला जोडला आहे? रेपोशी जोडण्याचा नियम व्यापारी बँकांना आहे. सहकारी बँका, पतसंस्था आणि गृहवित्त कंपन्या त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने दर ठरवतात. तिथे रेपो उतरल्याची बातमी दाखवून उपयोग नाही. आणि फरक किती पडतो ते पाहा. ५ लाख, दहा वर्षे. ९ टक्क्यांनी हप्ता ६,३३४, १४ टक्क्यांनी ७,७६३. एकूण फरक १ लाख ७१ हजारांवर जातो. सव्वा टक्क्याच्या रेपोपेक्षा आपण कोणत्या दारात उभे आहोत, हे महत्त्वाचे.

तीन, दर वाढला तर हप्ता वाढेल की मुदत? समजा कुणी १० लाख २० वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले. हप्ता ७,७५३. एक वर्ष नेमाने भरल्यावर मुद्दल राहिले सुमारे ९ लाख ७६ हजार. आता दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ७,७२८ रुपये होते. मुद्दलात गेले फक्त २५ रुपये. २०२२-२३ मध्ये अनेकांचे असेच झाले. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूचना काढली की, दर बदलला तर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारावे. हा तुमचा हक्क आहे. मागितल्याशिवाय तो कुणी आणून देत नाही.

बदलत्या व्याजाचे घरकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडले तर बँक दंड घेऊ शकत नाही, हे २०१२ पासून आहे. तेव्हा हप्ता दुधाच्या पैशातून बसेल एवढाच लहान ठेवा आणि पीक विकले की वरची रक्कम मुद्दलात भरा. काही संस्था शेतकऱ्यांना सहामाही हप्ता देतात, तो मिळतो का हे आधी विचारा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

पोराचा शहरातला फ्लॅट

एक गोष्ट जाता जाता. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "व्याज उतरलंय, फ्लॅट घेऊन टाकू." ४० लाखांच्या फ्लॅटला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देईल. ८ लाख घरचे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरले तर २ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही. म्हणजे ११ लाखांच्या वर रोख लागते. हा पैसा कुठून येतो? बहुधा गावाकडच्या एकरातून. घर सुनेच्या किंवा मुलीच्या नावे घेतल्यास शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती घ्या. पण व्याज उतरले म्हणून रान विकू नका. व्याज पुन्हा चढते-उतरते, रान पुन्हा येत नाही.

आता काय करावे

घर दोन वर्षांनी बांधायचे असेल तर तयारी आजपासून करा. मिळकत पत्रिका काढा, वारस नोंद करून घ्या. शेताला लागून जागा असेल तर गावठाणालगतच्या जमिनीच्या रहिवासी वापराचे आणि तुकडेबंदीचे नियम अलीकडे सैल झाले आहेत, ते तहसील कार्यालयात विचारा. आडतीची पट्टी, कारखान्याचे बिल, दुधाचे बिल खात्यावर घ्या आणि कागद एका पिशवीत जपून ठेवा. पीककर्ज मुदतीत फिरवा. वर्षाचा हप्ता क्विंटलमध्ये मोजा, आणि भाव हजाराने पडला तरी तो झेपतो का ते पाहा. झेपत नसेल तर तीन खोल्यांऐवजी दोन बांधा, पण गिलाव्यापर्यंत न्या.

ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी बंधूंनाही विनंती आहे. लोक अजून तुम्हाला ग्रामसेवक आणि तलाठी याच नावाने हाक मारतात आणि त्याच भरवशाने तुमच्याकडे येतात. एका ग्रामसभेत फक्त एवढा विषय घ्या, किती कुटुंबांच्या मिळकत पत्रिका आल्या, किती सामाईक आहेत आणि किती वारस नोंदी अडल्या आहेत. यादी करून भिंतीवर लावा. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला त्या सभेला बोलवा. जिल्हा पातळीवर बँकांच्या बैठका होतात, तिथे शेतकऱ्यांसाठी हंगामी हप्त्याचा विषय लावून धरा.

रेपो दर मुंबईत ठरतो, तो आपल्या हातात नाही. वारस नोंद, आडतीची पट्टी आणि मुदतीत भरलेले पीककर्ज मात्र आपल्या हातात आहे. येत्या खरिपात पीककर्ज उचलाल तेव्हा ते खत-बियाण्यालाच घाला. घर लिंटेलवर आणखी एक वर्ष थांबले तरी चालेल, पीक थांबून चालत नाही.